उशाशी जन्मलेली कल्पना

मे महिन्याचा दुसरा आठवडा म्हणजे लोणावळ्याच्या तुंगार्लीत आवराआवरीचे दिवस. धरणातले पाणी काठापासून आत सरकलेले असते, राजमाचीच्या वाटेवरच्या जाळ्यांत करवंदे काळी पडू लागलेली असतात, आणि दुपार कलली की घाटमाथ्यावर वळवाचे ढग दाटून येतात. त्या ढगांकडे बघत बघतच घराघरांतून पन्हळी साफ होतात, पत्रे ठोकून घेतले जातात, जळण आडोशाला जाते. पुढचे चार महिने मावळचा पाऊस कुणाची गय करणार नाही हे ठाऊक असल्याने, जिथे गळण्याचा संभव तिथे आधीच हात फिरवून घेण्याची ही रीत आपल्याला वाडवडिलांकडून मिळाली आहे. नेमक्या याच दिवसांत १२ मे येतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिचा जन्म १२ मे १८२० चा, आणि आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने १९७४ मध्ये हा दिवस जगभरच्या परिचारिकांच्या नावे केला. त्या दिवशी रुग्णालयांत दिवा लागतो, शपथ म्हटली जाते, सिस्टरांच्या हाती गुलाबाची फुले दिली जातात, पेढे वाटले जातात. कृतज्ञता बोलून दाखवण्याचा संस्कार आपल्याकडे जुना आहे आणि तो जपलाच पाहिजे. मात्र या दिवशी आपण परिचारिकेच्या हातांचे आभार मानतो आणि तिच्या बुद्धीचे मानायचे राहून जाते, हे वर्षामागून वर्षे जाणवत आले आहे.

पावसाआधी गळकी जागा हेरणाऱ्या घरधन्यासारखीच परिचारिकेची नजर वॉर्डभर फिरत असते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस बदलण्याचेच काम घेऊ. बघणाऱ्याला त्यात विशेष काही दिसत नाही. पण जाणती सिस्टर दर दोन तासांनी रुग्णाला डाव्या कुशीवर, मग पाठीवर, मग उजव्या कुशीवर वळवते तेव्हा त्याला ओढत नाही. ओढले की कातडी घासते, म्हणून दोघी मिळून चादरीसकट उचलतात. टाचा गादीला टेकू नयेत म्हणून पोटऱ्यांखाली उशी सरकवतात. माकडहाडावर, खुब्यावर, टाचेवर बोटाने दाबून पाहतात. तिथली लाली दाबल्यावर क्षणभर फिकी पडून पुन्हा उमटली तर ठीक. दाबूनही तशीच राहिली तर आत जखमेला सुरुवात झाली आहे असे समजायचे. सावळ्या कातडीवर लाली सहसा दिसत नाही, म्हणून तिथे हाताने ऊब आणि ताठरपणा जोखायचा. ही तपासणी कुठल्या यंत्रावर उमटत नाही, तिची वेगळी फीही लागत नाही, आणि ती नीट झाली तर काहीच घडत नाही. काहीच न घडणे हेच तिचे यश असल्याने ते कुणाच्या लक्षात राहत नाही.

पाळी बदलताना एक सिस्टर दुसरीला ‘ओव्हर’ देते त्या दहा-पंधरा मिनिटांत अशा कितीतरी गोष्टी एकीकडून दुसरीकडे जातात. एकसारख्या दिसणाऱ्या दोन औषधांच्या कुप्या एका ट्रेमध्ये ठेवू नका. पोटॅशियम क्लोराइडची कुपी इतर इंजेक्शनांपासून दूर, कुलपात ठेवा, कारण ते सलाईनमध्ये विरळ न करता थेट शिरेत गेले तर हृदय बंद पडू शकते. अमुक खाटेवरचे आजोबा रात्री एकटेच उठून संडासला जातात, त्यांच्या खाटेचा कठडा वर ठेवा. रुग्णसुरक्षा या भारदस्त शब्दाचे रोजचे रूप हे असे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ पासून १७ सप्टेंबर हा रुग्णसुरक्षेचा दिवस म्हणून पाळायला सुरुवात केली. परिचारिकांच्या वहीत तो त्याआधी कितीतरी वर्षे रोजच पाळला जात होता. एखाद्या रात्रपाळीत सुचलेली नामी युक्ती त्या वॉर्डापुरती चालते, ती सिस्टर बदलून गेली की हळूहळू विसरली जाते, आणि शेजारच्या रुग्णालयात तीच चूक पुन्हा घडून पुन्हा कुणाला तरी तीच युक्ती नव्याने सुचते. या हळहळीवर जगात कुठे उपाय सापडला का, हे बघितले पाहिजे.

डेन्मार्कमध्ये एलिसे सोरेनसेन नावाची परिचारिका होती. तिची बहीण थोरा हिच्या आतड्याची शस्त्रक्रिया झाली आणि मल बाहेर पडण्याचा मार्ग पोटावर काढावा लागला. त्या काळी त्यावर बांधायची जी साधने मिळत ती अवजड आणि बेभरवशाची असत. चारचौघांत गळती झाली तर काय, या धास्तीने थोरा घराबाहेर पडेना. १९५४ मध्ये एलिसेला सुचले की पातळ प्लास्टिकची पिशवी कातडीला चिकटवता आली तर? ही कल्पना घेऊन ती उत्पादकांकडे गेली, आणि आगे लुई-हान्सेन या प्लास्टिकच्या कारखानदाराने तिला आधी नकार दिला. त्याचे मन वळवले ते त्याच्या पत्नीने. तिचे नाव योहाने, आणि तीही परिचारिकाच होती. त्या पिशवीचे महत्त्व काय हे तिला कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. १९५७ मध्ये त्यातून ‘कोलोप्लास्ट’ ही कंपनी उभी राहिली आणि आज ती या क्षेत्रातल्या जगातल्या मोठ्या कंपन्यांत गणली जाते. एका बहिणीच्या लाजेवर दुसऱ्या बहिणीला उपाय सुचला, तो एका परिचारिकेच्या शब्दाखातर कारखान्यात पोहोचला, आणि मग जगभरच्या अनोळखी थोरांना पुन्हा बाजारात, देवळात, लग्नाकार्यात जाता आले. एलिसेने ती पिशवी घरच्या घरी शिवून बहिणीला दिली असती तर तेही थोर प्रेमच ठरले असते. फक्त ते एका घरापुरते राहिले असते.

दुसरी हकिगत इंग्लंडमधल्या रॉचफर्डची. तिथे अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा विभाग सिस्टर जीन वॉर्ड सांभाळत. मोकळी हवा आणि कोवळे ऊन बाळांना मानवते या विश्वासाने त्या त्यांना अंगणात नेत. आपल्या आज्या तान्ह्याला तेल लावून सकाळच्या उन्हात घेऊन बसतात, तशीच ही समजूत. १९५६ च्या उन्हाळ्यात त्यांनी डॉक्टरांना एक बाळ उघडे करून दाखवले. त्याचे अंग फिकट होते. जिथे चादरीचा कोपरा अंगावर आला होता तेवढा त्रिकोणी भाग मात्र गर्द पिवळा. कावीळ उन्हाने उतरली होती आणि सावलीत तशीच राहिली होती. पुढे खिडकीच्या उन्हात राहिलेल्या रक्ताच्या नमुन्याच्या नळीनेही तेच सांगितले. या निरीक्षणावरून प्रकाशोपचाराचा शोध लागला, आणि आज नवजात बाळांच्या विभागात निळ्या दिव्याखाली निजलेली बाळे दिसतात ती त्याचीच फलश्रुती. (काविळीच्या बाळाला आता डॉक्टरांकडेच न्यायचे असते, घरच्या उन्हावर विसंबायचे नसते, हे इथेच सांगितलेले बरे.) १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये शोधनिबंध छापून आला. लेखक म्हणून त्यावर क्रेमर, पेरिमन आणि रिचर्ड्स अशी तीन नावे आहेत. सिस्टर वॉर्ड यांचे नाव लेखकांत नाही. त्या डॉक्टरांचे मन कोते होते असे म्हणण्याचा हेतू नाही, कारण पुढे त्यांच्यापैकीच एकाने ही आठवण लिहून ठेवली म्हणून ती आपल्यापर्यंत आली. पण पाहणारीचे नाव नोंदवायचे असते ही रीतच नव्हती, आणि अजूनही ती पुरती रुजलेली नाही.

आणि आपल्याकडे? खुद्द नाइटिंगेलबाईंचा पुण्याच्या सार्वजनिक सभेशी पत्रव्यवहार होता आणि हिंदुस्थानातल्या खेड्यांची स्वच्छता हा त्यांच्या आयुष्यभराच्या चिंतेचा विषय होता. हाती दिवा घेतलेली दयामूर्ती एवढीच त्यांची ओळख आपण जपली. क्रिमियाच्या युद्धात जखमांपेक्षा रोगराईने अधिक सैनिक दगावले हे आकडेवारीच्या आकृत्यांनी सरकारला पटवून देणारी संख्याशास्त्रज्ञ बाई आपल्या भाषणांत क्वचितच येते. पुण्यात रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये सेवासदन उभे केले तेव्हा विधवा आणि निराधार स्त्रियांना परिचारिकेचे शिक्षण देणे हे लोकनिंदा ओढवून घेणारे काम होते. परक्या माणसाची शुश्रूषा भल्या घरच्या बाईने करायची नाही, असा तो काळ. तो विरोध सोसून ससून रुग्णालयात शिकायला मुली पाठवल्या गेल्या, म्हणून आज मावळातल्या गावागावांतली मुलगी नर्सिंगला जाते आणि घरचे अभिमानाने सांगतात. ती एक पायरी होती. पुढची चढायची आपल्यावर आहे.

मुंबईतल्या केईएम रुग्णालयाचे नाव या विषयात घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. १९७३ च्या नोव्हेंबरात तिथल्या अरुणा शानबाग या परिचारिकेवर अमानुष हल्ला झाला. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले, आणि मधली जवळजवळ ४२ वर्षे त्यांच्या सहकारी परिचारिकांनी त्यांना सांभाळले. ज्यांनी त्यांना कामावर असताना कधी पाहिलेही नव्हते अशा मुली नोकरीला लागल्या, त्यांची कूस बदलत राहिल्या आणि निवृत्त झाल्या. इतक्या वर्षांत त्यांना शय्याव्रण होऊ दिले नाही. त्यांना दयामरण द्यावे का हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला तेव्हा २०११ च्या निकालात न्यायालयाने या सेवेची मुक्तकंठाने वाखाणणी केली आणि अरुणाताईंच्या वतीने बोलण्याचा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांचाच मानला. आपण त्या बातम्या वाचल्या, गहिवरलो. पण त्या सिस्टरांना नेमके काय येत होते, कोणत्या क्रमाने त्या काय करत होत्या, आणि घरी पक्षाघाताचा रुग्ण असलेल्या लाखो कुटुंबांना ते शिकवता येईल का, असे आपल्यापैकी किती जणांनी विचारले? भक्तिभावाने हात जोडताना शिकायचे राहिले, असे खेदाने म्हणावे लागते.

परिचारिकेचे निरीक्षण गंभीरपणे घेतले की काय होते याचा दाखला ज्यांनी जगापुढे ठेवला त्यांतले एक नाव मराठी मातीशी जोडलेले आहे. अमेरिकेतले शल्यविशारद आणि लेखक डॉ. अतुल गावंडे यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडजवळच्या उटी गावचे. गावंडे यांनी लिहून ठेवलेली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातली हकिगत अशी : डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी मोठ्या शिरेत नळी घालताना करायच्या पाच गोष्टी एका कागदावर लिहिल्या आणि महिनाभर नर्सना फक्त नोंद ठेवायला सांगितले. एकतृतीयांशाहून अधिक रुग्णांच्या वेळी डॉक्टरांकडून एखादी तरी पायरी राहून जात होती. मग रुग्णालयाने नर्सना अधिकार दिला, की पायरी चुकली तर डॉक्टरांना तिथेच थांबवायचे. वर्षभरात नळीमुळे होणारा जंतुसंसर्ग जवळजवळ नाहीसा झाला. पुढे जागतिक आरोग्य संघटनेसाठी गावंडे यांच्या पुढाकाराने शस्त्रक्रियेची १९ मुद्द्यांची सुरक्षायादी तयार झाली, दिल्लीसह आठ शहरांत तपासली गेली, आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे दिसले. तो कागद शस्त्रक्रियागृहात मोठ्याने वाचण्याचे काम बहुतेक ठिकाणी परिचारिकाच करते. औषध नवे नव्हते, यंत्र नवे नव्हते. बाईने बोलायचे आणि इतरांनी ऐकायचे, एवढेच नवे होते.

एलिसेच्या वाटेने जाऊन सेवेची कंपनी करायची म्हटले की आपल्या मनात चटकन एक किंतु उभा राहतो. सेवा ही निष्काम, व्यापार हा लोभाचा, ही वाटणी आपल्या मनात खोल रुजली आहे, आणि तिच्यात तथ्य नाही असे कोण म्हणेल? आजारपणाच्या भीतीवर पैसा कमावणारी दुकाने आपण रोज पाहतो. पण या वाटणीचा भार आजवर कुणी वाहिला हेही पाहायला हवे. रुग्णालयाच्या इमारतीत, यंत्रात, औषधात व्यापार चालला. निष्काम राहायचे ते परिचारिकेने. तिने सुचवलेली सुधारणा ‘सूचना’ म्हणून फुकट घेतली गेली आणि तीच कुणी बाहेरून आणून विकली तर तिला ‘तंत्रज्ञान’ म्हणून किंमत मोजली गेली. कंपनी हे शेवटी चांगली गोष्ट वर्षानुवर्षे, सारख्या दर्जाने, अनेकांपर्यंत पोहोचवण्याचे साधन आहे. त्या साधनाची मालकी उशाशी जागणारीच्या हाती असेल तर लोभाला आवर घालणारी नजरही घरातच राहील.

तुंगार्लीला हा विचार परका वाटू नये. मुंबई-पुण्याची धकाधकी आटोपून हवेसाठी इथे येऊन राहिलेली वयस्क माणसे बंगल्याबंगल्यांतून आहेत. मुले दूरदेशी, आणि सोबतीला नर्सिंग ब्यूरोकडून आलेली एखादी मावशी किंवा सिस्टर. ती जीव लावून करते. पण तिला कुणी शिकवलेले असते का, रात्री बिघडले तर तिने कुणाला फोन करायचा हे ठरलेले असते का, औषधांची वही घरात असते का? पावसाळ्यात धुके उतरले की सुटीच्या गर्दीत खंडाळ्यापासून लोणावळ्यापर्यंत रस्ता तासन्‌तास तुंबतो आणि रुग्णवाहिकाही अडकते. अशा ठिकाणी पडणे, शय्याव्रण आणि औषधांची गल्लत या तीन गोष्टी घरीच टाळता आल्या तर किती जीव आणि किती हाल वाचतील! आणि धरणापलीकडच्या वाड्यांतले म्हातारे तर ब्यूरोच्या आवाक्यातलेही नाहीत. वीस वर्षे वॉर्ड सांभाळून निवृत्त झालेल्या चार-पाच सिस्टरांनी एकत्र येऊन घरी करायच्या शुश्रूषेची पद्धत बांधली, मावशींना शिकवले, आठवड्याला एकदा येऊन टाचा नि माकडहाड तपासले, बंगल्यांकडून रास्त पैसे घेऊन त्यातून वाड्यांतली फेरी चालवली, तर तो व्यवसायही होईल आणि धर्मही. बंगळुरूची ‘नूरा हेल्थ’ ही संस्था रुग्णालयातल्या परिचारिकांकरवी नातेवाइकांना अशीच काळजी शिकवते आणि तिचे काम महाराष्ट्रातही आहे. तिचे संस्थापक परिचारिका नव्हते, पण वाट चालता येते हे त्यांनी दाखवले.

या वाटेवर आता काही सावलीच्या जागाही आहेत, त्या आपल्या सिस्टरांना कुणी सांगत नाही. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात २००७ पासून ‘व्हेंचर सेंटर’ हे उद्योगबीज जोपासणारे केंद्र आहे. केंद्र सरकारच्या ‘बायरॅक’कडून नव्या कल्पनेसाठी ५० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळण्याची योजना तिथून राबवली गेली आहे. पवईच्या आयआयटीचे ‘बेटिक’ केंद्र डॉक्टर आणि अभियंत्यांना एकत्र बसवून वैद्यकीय उपकरणे घडवते. त्या टेबलाशी परिचारिकेची खुर्ची हवी. पेटंटच्या अर्जदारांत स्त्री असेल तर तपासणी लवकर व्हावी अशी मागणी करण्याची सोय २०१९ पासून नियमांतच आहे. मात्र एक मेख ध्यानात ठेवायची. आपल्या पेटंट कायद्याचे कलम ३ उपचाराच्या पद्धतीला पेटंट देत नाही, उपकरणाला देते. कूस बदलण्याचा क्रम कुणाच्या मालकीचा होऊ शकत नाही, आणि ते योग्यच आहे. पण त्यासाठी घडवलेली उशी होऊ शकते. उपकरण केले तर २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम लागू होतात आणि जोखमीनुसार अ ते ड अशा चार वर्गांतून परवाना किंवा नोंदणी घ्यावी लागते. हे ओझे वाटेल, पण जिने आयुष्यभर दुसऱ्याच्या चुका रुग्णापर्यंत पोहोचू दिल्या नाहीत तिला आपल्या वस्तूची पारख करून घेण्याचे वावडे नसावे.

खरी अडचण कायद्याहून जवळची आहे. पाळीवर पाळी करून घरी आल्यावर स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, सासऱ्यांची औषधे उरकेपर्यंत सुचलेले कागदावर उतरवायला जीवच उरत नाही. बाहेर बोलले तर रुग्णालयाची बदनामी केल्याचा ठपका येईल, ही धाकधूक वेगळीच. चूक झाली किंवा थोडक्यात टळली, हे निर्धास्तपणे सांगता आले पाहिजे. सांगणारीलाच नोटीस मिळत असेल तर सुरक्षिततेची कुठलीही कल्पना जन्मायच्या आधीच गुदमरते. इथे कर्तव्य रुग्णालय चालवणाऱ्यांचे आहे, डॉक्टरांचे आहे, आणि उठसूट सिस्टरवर आवाज चढवणाऱ्या आपणा नातेवाइकांचेही आहे.

तेव्हा या १२ मे रोजी फुलांबरोबर एक वही द्यावी, अशी मावळातल्या प्रत्येक रुग्णालयाला विनंती. ओव्हरच्या वहीशेजारी ती ठेवावी. सुचलेली युक्ती, सुचवणारीचे नाव आणि तारीख तिच्यात लिहिली जावी. महिन्यातून एकदा डॉक्टरांनी आणि व्यवस्थापनाने ती सर्वांसमक्ष वाचावी. आणि ज्या कल्पनेतून पुढे वस्तू किंवा सेवा घडेल तिच्यात त्या सिस्टरचा वाटा किती, हे आधीच लेखी ठरवावे. लोणावळ्यातले व्यापारी, बंगलेवाले, निवृत्त अभियंते आणि सनदी लेखापाल यांच्यापैकी ज्यांना या कामी महिन्याचे चार तास देता येतील त्यांनी आपल्या जवळच्या रुग्णालयातल्या मेट्रन बाईंना जाऊन तसे सांगावे. पाऊस सुरू व्हायला अजून तीन-चार आठवडे आहेत.